दस्तीखालचा सौदा

विक्री शिकायला शहरात चाललोय असं मी सांगितलं तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं हसली होती. माझे वडील पिशोरच्या आठवडी बाजारात शेळ्या-मेंढरांचे सौदे जुळवून देणारे दलाल. त्यांच्या मुलानं फी भरून विकायला शिकायचं, म्हणजे गल्लीच्या मते पैसे देऊन चालायला शिकण्यासारखा प्रकार होता. मीही हसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. कन्नडला बी.ए. केलं होतं, भरतीच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यातली एक रद्द झाली आणि एकीचा निकाल अजून लागायचाय.

कोर्स कम्युनिटी कॉलेजात आहे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मोठी इमारत आली होती. प्रत्यक्षात ती एका जुन्या कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या डोक्यावर बांधलेल्या तीन खोल्यांची जागा निघाली. एका खोलीत ब्युटी पार्लरचा कोर्स, दुसरीत मोबाइल दुरुस्ती आणि तिसरीत आम्ही, विक्री व विपणन पदविकेचे विद्यार्थी. भिंत पातळ होती. आमचे सर ग्राहकाच्या मानसशास्त्राबद्दल बोलत असले की पलीकडून हेअर ड्रायरचा आवाज यायचा आणि सर तेवढा वेळ थांबून खिडकीबाहेर बघायचे.

सर तासिका तत्त्वावर होते. तासाला मिळणाऱ्या पैशांत घर चालत नाही म्हणून संध्याकाळी बीड बायपासकडच्या एका साइटवर लोकांना फ्लॅट दाखवायचे. माणूस चांगला होता. आम्हाला जोड्या लावून एकाला गिऱ्हाईक करायचे, एकाला विक्रेता, आणि पेन विकायला सांगायचे. डोळ्यांत बघून बोला, आधी ऐका, गरज ओळखा, भाव शेवटी आणि मोठ्यानं सांगा. भाव सांगताना आवाज खाली गेला की गिऱ्हाइकाला वाटतं, यात काहीतरी लपवलंय. हे शेवटचं मला जमायचं नाही. आकडा आला की माझा आवाज आपोआप पडायचा. वर्ग हसायचा, सर म्हणायचे, अरे चोरी करतोयस का.

चोरी नव्हती, सवय होती. मी लहानपणापासून बाजारात आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, पायाशी बसलेला. आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दलाल खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकतो आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा दाबला की पाच. शेकड्यात की हजारात, ते दोघांनाही आधीच ठाऊक असतं. भोवती माणसांचा गराडा असला तरी कुणी किती मागितले, कुणी किती सोडले, हे त्या दोन हातांपलीकडं जात नाही. विकणाऱ्याची अडचण चारचौघांत उघडी पडत नाही आणि घेणाऱ्याची ऐपतही. दस्ती उचलली की ते बोलणं संपलं. नंतर कुणी विचारलं तरी सांगायचं नाही, असा रिवाज. मी हे वर्गात एकदा सांगितलं होतं. सर म्हणाले, छान आहे, प्रोजेक्टमध्ये टाक. मी टाकलं नाही.

कोर्सचे अर्धे गुण प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला होते. जालना रोडवरच्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये मला आणि सिडकोत राहणाऱ्या एका मुलीला पाठवलं. प्रशिक्षण संपल्यावर शोरूम दोघांतल्या एकाला कामावर ठेवणार होतं. मला ती नोकरी हवी होती. कसली करिअरची स्वप्नं वगैरे नाहीत. मला सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठंतरी जायचं होतं आणि कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल असं काहीतरी हवं होतं. बाजारात आबांचं काम आटत चाललं होतं. व्यापारी आता सरळ मेंढरांच्या वाड्यावर गाडी लावून काट्यावर जनावर तोलून नेतात, त्यांना दलाल लागत नाही. आणि आईनं तर मी प्रशिक्षणाला गेलो त्याच आठवड्यात सगळ्या सोयऱ्यांना फोन करून सांगून टाकलं की पोरगा शोरूमला लागला. स्थळं यायला लागली होती. मी तिला म्हणालो की अजून लागलो नाही, शिकतोय. ती म्हणाली, एकच की.

शोरूमचे मॅनेजर कडक होते, पण लबाड नव्हते, हे मला आजही म्हणावं लागेल. पहिल्याच दिवशी त्यांनी समोर बसवून समजावलं की गाडीवर इथपर्यंत सूट तू स्वतःच्या तोंडानं देऊ शकतोस, त्यापुढं माझ्याकडं यायचं. आणखी एक त्यांची पद्धत होती. दर शनिवारी सकाळी, शोरूम उघडायच्या आधी, ते आठवड्याभरातलं कॅमेऱ्याचं चित्रण मोठ्या टीव्हीवर लावायचे. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. ते म्हणायचे, हेच बरं आहे, तोंड काय बोलतं ते सोडा, हात-पाय काय बोलतात ते बघा. मग कोण खुर्चीत रेलून बसलं होतं, कोण गिऱ्हाईक बोलत असताना मोबाइल बघत होतं, असं सगळं निघायचं. त्या मुलीला शाबासकी जास्त मिळायची. ती सरळ बसायची, हसायची, भाव ठणठणीत सांगायची. मी मागं पडतोय हे मला कळत होतं.

लग्नसराईत एका दुपारी देवगाव रंगारीकडचे एक म्हातारे आले. धोतर, डोक्याला मुंडासं. सोबत जावई आणि जावयाचे वडील, म्हणजे त्यांचे व्याही. लग्नात कबूल केलेली गाडी राहून गेली होती, ती घ्यायला आले होते. जावयानं शोरूममध्ये पाऊल टाकताच महागातल्या गाडीवर हात ठेवला. व्याही सोफ्यावर पाय पसरून बसले आणि पंख्याखाली डोळे मिटून घेतल्यासारखं करून सगळं ऐकत राहिले. म्हातारे माझ्या टेबलाशी आले. मी उठून पाणी दिलं, बसा म्हणालो. माझं एक वाक्य ऐकून त्यांनी विचारलं, पाव्हणं कुणीकडचं? मी गाव सांगितलं, आबांची ओळख सांगितली. म्हाताऱ्यांचा चेहराच खुलला. आबांच्या हातून त्यांनी कितीतरी मेंढरं विकली होती.

मग त्यांनी एकदा मागं सोफ्याकडं बघितलं. मी सरांनी शिकवल्याप्रमाणे भाव मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं आणि म्हाताऱ्यांनी खांद्यावरची दस्ती काढून टेबलावर, सोफ्यावरून दिसणार नाही अशी, माझ्या हातावर टाकली.

मला एका क्षणात सगळं समजलं. सूट मागायची होती, पण व्याह्यांच्या कानावर जाऊ द्यायची नव्हती. गेली असती तर मुलीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागलं असतं की तुझ्या बापानं घासाघीस करून गाडी दिली. मी हात दस्तीखाली सरकवला. त्यांची बोटं खरखरीत आणि गार होती. त्यांनी मागितलं, मी थोडं वर सरकवलं, त्यांनी पुन्हा दाबलं. मला दिलेल्या मर्यादेच्या आतच आमचं जुळलं. मॅनेजरांना विचारायचीही गरज पडली नाही. दस्ती उचलून म्हातारे मोठ्यानं, सोफ्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय असंल ते लावा, आमाला लेकीपेक्षा गाडी जास्त नाय." पावती त्यांनी स्वतः घेतली, घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. गाडीला हार घातला, नारळ फोडला. त्या दिवशी मी खोलीवर जाताना टी. व्ही. सेंटरच्या चौकापर्यंत चालत गेलो. शहरात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं होतं की मला हे येतंय.

शनिवारी ते चित्रण टीव्हीवर आलं तेव्हा मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. मला वाटलं, आज आपली शाबासकी.

चित्रात मी होतो, समोर म्हातारे होते आणि आमचे हात एका मळक्या रुमालाखाली होते. रुमाल हलत होता. म्हातारे दोनदा मागं वळून बघत होते. मीही बघत होतो. आवाज नव्हता. मॅनेजरांनी चित्र थांबवलं, मागं नेलं, पुन्हा लावलं. खोलीत कुणी हसलं नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

"रुमालाखाली काय घेतलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाजार, आबा, व्याही, बोटं. सांगताना माझं मलाच ते बनवून सांगितल्यासारखं वाटायला लागलं. एक जुना विक्रेता शेजारच्याला हळूच म्हणाला, क्या कहानी है मियाँ. मॅनेजरांनी बिल मागवलं. मला देता येत होती ती जवळजवळ सगळी सूट त्यावर दिलेली होती. ते म्हणाले, सूट नियमात आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण एवढी सूट गिऱ्हाइकाला देऊन त्याच्या बदल्यात तू काही घेतलं नाहीस हे मला कसं कळणार? त्यांनी त्या मुलीला विचारलं. ती शेजारच्या टेबलावर होती. ती खरं तेच बोलली, की रुमाल टाकलेला दिसला, खालचं काही दिसलं नाही. तिचा मला राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर दुसरं काय बोललो असतो?

मीच म्हणालो की त्यांना फोन लावा. मला एवढी खात्री होती की नंबरही मीच शोधून दिला.

मॅनेजरांनी स्पीकर चालू केला. आवाज घरातला होता, मागं माणसं बोलत होती, भांडी वाजत होती. मॅनेजर नीट बोलले, आमच्या मुलाविरुद्ध काही नाही, फक्त माहिती हवी, परवा रुमालाखाली भावाचं काही बोलणं झालं का? पलीकडून म्हातारे म्हणाले, "कसला रुमाल? आमचं काय बोलणं झालं नाय. कागदावर जे व्हतं ते दिलं." मॅनेजरांनी पुन्हा विचारलं, तर आवाज चढला, की मी कुणाच्या हाताला हात बी लावला नाय, आणि फोन ठेवला.

टीव्हीवर आमचे हात तसेच थांबलेले होते.

मॅनेजर माझ्याकडं बघत राहिले. त्यांचं काय चुकलं, मी आजही शोधतो आणि सापडत नाही. डोळ्यांसमोर जे दिसत होतं ते झालंच नाही असं म्हातारे म्हणत होते, मग दोघं मिळून काहीतरी लपवतायत याखेरीज कुणी काय समजेल? आणि मला तर त्याच क्षणी समजलं होतं की ते खोटं का बोलले. घरात कुणीतरी बसलेलं होतं. दस्तीखालचं बोलणं विचारल्यावर द्यायचं उत्तर त्यांनी दिलं होतं, आबांनी दिलं असतं तेच. मला रडू येत होतं आणि रडलो तर चोरच ठरलो असतो, म्हणून मी टीव्हीकडं बघत बसलो.

प्रशिक्षणातून काढायच्या आधी पालकांना बोलवायचं, असा कॉलेजचा नियम. सरांनीच आबांना फोन केला. काय सांगितलं कोण जाणे, आबा मी आजारी आहे असं समजून आले. पहिल्या एस.टी.नं निघून, नवं धोतर नेसून, आईनं दिलेल्या धपाट्यांचं गाठोडं घेऊन शोरूमच्या काचेच्या दाराशी उभे. वॉचमन म्हणाला, चचा, किससे मिलना है? मी आतून धावत गेलो. रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर नेऊन त्यांना सगळं सांगितलं, फक्त म्हाताऱ्यांचं गाव आणि त्यांनी फोनवर दिलेला नकार तेवढा राहिला. आबांना उलट बरंच वाटलं. म्हणाले, एवढंच व्हय, मी सांगतो सायबाला.

मॅनेजरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. सरही आले होते, कोपऱ्यात उभे होते. आबांनी शांतपणे सगळी रीत सांगितली आणि मग, साहेबांना नीट समजावं म्हणून, खांद्यावरची दस्ती काढली आणि म्हणाले, हात द्या. मॅनेजरांनी हसून हात पुढं केला. आबांनी दस्ती टाकली. पाच बाजारांत ज्यांचा शब्द चालायचा ते माझे वडील काचेच्या टेबलावर वाकून एका परक्या माणसाची बोटं धरत होते. हे बघा हे एक, हे दोन, आता सांगा मी किती म्हणलं? मॅनेजर म्हणाले, काका, मला गुदगुल्याच होतायत. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. त्या जुन्या विक्रेत्यानं मोबाइल वर धरला होता. आबांनी तो बघितला. त्यांनी हात काढून घेतला, दस्ती झटकली, खांद्यावर ठेवली. चहा तसाच होता. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी आणि फक्त मी नाही, ते शोरूम, गाड्या, टीव्ही, सगळं आत जावं.

मॅनेजर म्हणाले, "काका, पद्धत पटली मला. पण तुमचं गिऱ्हाईकच म्हणतंय की असं काही झालंच नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं. कोण गिऱ्हाईक, त्यांनी विचारलं. मी गाव आणि आडनाव सांगितलं. फोनवर ते काय बोलले तेही सांगितलं. मला वाटलं आता आबा म्हणतील, थांबा, मी त्याला इथं आणून उभा करतो. त्यांची तेवढी ओळख होती. एका हाकेवर तो माणूस आला असता.

आबा उठले. म्हणाले, "मग राहू द्या सायेब."

आम्ही रिक्षानं बसस्टँडवर आलो. पिशोरच्या गाडीला वेळ होता. मी त्यांना म्हणालो, आबा, तुम्ही एकदा त्यांच्याकडं जा, इथं यायचं नसेल तर नुसतं फोनवर खरं सांगायला लावा, माझी नोकरी जातीय. ते म्हणाले की त्यानं बरोबर केलं, त्याच्या लेकीचं घर हाय ते. मी म्हणालो, आणि माझं? आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"तुमी असता तर काय म्हणला असता?" मी विचारलं.

"नायच म्हणलो असतो."

"दुसऱ्या कुणाच्या पोराची नोकरी जात असती तरी?"

ते बराच वेळ फलाटावर लागणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले. त्यांना वाचता येत नाही. मग म्हणाले, व्हय. गाडी लागली, गर्दीतून चढले, खिडकीशी जागा मिळाली. गाठोडं माझ्याच हातात राहिलं होतं. मी ते वर द्यायला गेलो तर म्हणाले, तुझ्यासाठीच हाय, खा, वाळून जातील.

शोरूमनं माझ्याविरुद्ध लेखी काही दिलं नाही, सरांनी विनवणी केली म्हणून. प्रशिक्षण अपूर्ण, एवढाच शेरा. पदविका मिळाली नाही, वर्षभर हजेरी लावल्याचा कागद मिळाला. सर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा ये, मी दुसऱ्या शोरूमला पाठवतो. पुढच्या वर्षी ते स्वतःच तिथं नव्हते. आईनं सोयऱ्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. स्थळं यायची बंद झाली, त्यावरून काहीतरी सांगितलं असावं. आता मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांत पॅकिंगला आहे. खोक्यांना पट्टी मारायची. तिथं कुणाशी बोलावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर माझी बोलायची इच्छाच गेली आहे. सकाळी डोळा उघडला की पहिल्यांदा वाटतं ते एवढंच, की अजून एक दिवस.

गेल्या पावसाळ्यानंतर आबांचा फोन आला. मी कंपनीच्या फाटकाबाहेर शिफ्टच्या गाडीची वाट बघत होतो. आबा खुशीत होते. बाजारात ते देवगावकडचे म्हातारे भेटले होते. मुद्दाम आबांना शोधत आले होते आणि बाजूला घेऊन सांगितलं होतं की शोरूमवाल्यांनी फोन करून खोदखोदून विचारलं, पण मी तुमच्या पोराचं नाव तोंडातून काढलं नाय, हात लावला नाय म्हणूनच सांगितलं. तुमच्या पोरानं माझ्या लेकीची लाज राखली, मग मी त्याला अडचणीत कसा येऊ देईन? पोराला आशीर्वाद सांगा.

"मग तुमी त्यांना सांगितलं का, माझं काय झालं ते?" मी विचारलं.

"काय सांगायचं?" आबा म्हणाले. "त्यानं तुझ्यासाठी इमान राखलं. त्याला ह्या वयात कशाला वाईट वाटू द्यायचं?"

शिफ्टची गाडी आली, मी फोन कानाला धरूनच चढलो. त्यांना वाटलं फोन कटला, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ऐकू येतंय का, म्हाताऱ्यानं तुला आशीर्वाद सांगितलाय.